चार थरांचा जोडा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ढग डोंगरावरून खाली मुक्कामाला यायचे आणि सकाळ झाली की माणसांच्या अंगणातून हळूहळू चालत परत जायचे. त्या काळी एका खोऱ्यात जमीन बोलायची.

मोठ्यानं नाही हं. तोंड नव्हतंच तिला. ती बोलायची ती फक्त माणसाच्या तळपायाशी. अंगणातली जमीन लाडात बोलायची. गोठ्यातली कुरकुरायची. ओढ्याकाठची तर सदा गाणं म्हटल्यासारखी. माणसं चालता चालता ते ऐकायची आणि आपण काही ऐकतोय हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. आपण श्वास घेतो ते कुठं आपल्या ध्यानात असतं? तसंच ते.

त्या खोऱ्यात वरच्या अंगाला एक एकटंच घर होतं. घराच्या मागं चढ, चढावर तळं आणि तळ्याला मातीचा बांध. तळ्याच्या पाण्यावर भात पिकायचा, वांगी-मिरच्या व्हायच्या, म्हैस डुंबायची. सगळं त्या पाण्याचंच देणं. पण बांध फुटला असता तर तेच पाणी थेट घरावर आलं असतं, हेही खरं.

त्या घरात अनसा नावाची एक बाई राहायची. नवरा, लहानगी ठकी आणि काजळी नावाची म्हैस, एवढंच तिचं जग. नवरा रोज सकाळी अनवाणी बांधावर एक फेरी मारायचा. परत आला की म्हणायचा, "आज बांध खुशीत आहे." एखाद्या दिवशी म्हणायचा, "आज जरा धुसफुसतोय," आणि कुदळ घेऊन जाऊन कुठलंसं खेकड्याचं बीळ बुजवून यायचा. खेकडे मातीचे बांध पोखरतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

अनसा विचारायची, "तुम्हाला कळतं कसं हो?"

"कसं म्हणजे? कळतं," तो म्हणायचा आणि भाकरी मागायचा.

एका वर्षी पावसाळा सरत आला होता. तळं काठोकाठ भरलं होतं, इतकं की सबंध आभाळ त्यात निजल्यासारखं दिसायचं. त्याच दिवसांत नवऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण पाय भोपळ्यासारखा सुजला. वैद्य आला, पाला बांधला आणि सांगून गेला, "दिवाळीपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही."

आता शेण, पाणी, सरपण, धारा, वांग्यांची राखण आणि बांधावरची फेरी, सगळं अनसावर आलं.

कामाला ती भ्यायली नाही. ती भ्यायली काट्याला. रात्रंदिवस तिच्या मनात एकच. मलाही काटा लागला तर? मीही पडले तर? ठकीच्या तोंडात घास कोण घालील? आधी काटा, मग त्याला विंचू येऊन मिळाला, मग साप, मग फुटकी खापरी. भीतीचं असंच असतं. एकटी येत नाही, आपलं गोत घेऊन येते.

शेवटी एक दिवस ती तुपाची लोटी घेऊन निघाली आणि करंजाच्या झाडाखाली बसणाऱ्या जोडेवाल्या म्हातारीकडं गेली. त्या खोऱ्यातल्या सगळ्या पायांना त्या म्हातारीच्या हातचे जोडे होते. समोर बाभळीच्या सालीत मुरवलेली चामडी, हाताशी आरी आणि तोंडात पान.

"ये गं पोरी. कशासाठी हवेत जोडे?"

"कामासाठी, आजी."

"कामं सांग."

अनसा घडाघडा सांगू लागली. "बाभळीचे काटे आहेत बघ वाटेवर. दगडाखाली विंचू असतात. गवतात सापबिप असेल. गोठ्यात म्हैस पाय देईल पायावर. पायाच्या बोटांत चिखल्या होतील. ओढ्याचा गारठा तर असा की…"

म्हातारीनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ही तू भीती सांगितलीस. मी कामं विचारली."

"तेच ते, आजी."

"तेच ते नाही." म्हातारीनं दोन थरांचा एक तळ उचलून दाखवला. "हा बघ. म्हशीच्या पाठीचं चामडं आहे. काटा मोडेल, पण ह्याच्या आत जायचा नाही."

अनसानं तो दाबून पाहिला. वाकवून पाहिला. तिला तो पातळ वाटला. काळजीनं पाहिलं की सगळंच पातळ वाटतं.

"चार थर लाव," ती म्हणाली. "आणि वरून घोट्यापर्यंत बंद. कुठनं काहीच आत येता कामा नये."

"करते. तुझे पाय, तुझी मर्जी. पण ह्यातनं तुला काही ऐकू यायचं नाही, सांगून ठेवते."

अनसाला हसू आलं. "पायांनी कोण ऐकतं, आजी?"

"तू. रोज. तुला ठाऊक नाही एवढंच."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, असं म्हणून अनसानं ते सोडून दिलं. उलट जाता जाता म्हणाली, "आणि माझ्या ठकीलाही एक लहानसा जोड कर. तसाच, चार थरांचा."

जोडे झाले. काय जोडे होते म्हणता! अनसानं ते घातले आणि वाटेवरच्या काट्यांवरून चालत गेली, तर काटे कापसासारखे. दगडावर पाय पडला, दगड उशीसारखा. चिखल नाही, गारठा नाही, खडा नाही. ती चालत होती की तरंगत होती, तिचं तिलाच कळेना. धुकं अंगणातून वर सरकायचं आणि अनसा त्यातून अशी जायची, जणू झोपेत कुणी आपल्याच घरातून फिरतंय. किती दिवसांनी तिचं काळीज शांत झालं.

घरातली माणसं मात्र शांत नव्हती.

"हत्ती आला वाटतं," खाटेवरून नवरा म्हणायचा.

"हसा. तुमच्यासारखी भोपळा घेऊन बसणार नाही मी."

"अगं, पण परवा माझ्या काठीवर पाय दिलास. काठी मोडली, आणि तू तशीच पुढं!"

"मला कळलंच नाही."

"तेच म्हणतोय मी."

काजळी म्हैसही एकदा बोलली. त्या काळी म्हशी बोलायच्या, पण मोजकंच, कारण त्यांना रवंथ असायचा. ती म्हणाली, "बाई, मघापासून तू माझ्या शेपटीवर उभी आहेस. घाई नाही. सवडीनं उतर."

आणि ठकी. ती आधी अंगणभर पाखरासारखी भिरभिरायची. दाराशी उतार आहे, तुळशीपाशी खळगा आहे, हे तिच्या इवल्या बोटांना पाठ होतं. आता ती चार पावलं टाकायची आणि धपकन पडायची. एकदा पडली, दोनदा पडली, मग भोकाड न पसरता तशीच बसून राहिली आणि इकडं तिकडं बघत म्हणाली, "आई, जमीन कुठं गेली?"

अनसाला त्याचंही कौतुकच वाटलं. "आहे गं बाई, इथंच आहे," म्हणून तिनं पोरीला उचललं आणि जोड्यांचे बंद आणखी घट्ट बांधले.

रोज सकाळी ती बांधावर फेरी मारायची. नेमानं हं. एक दिवस चुकवली नाही. नवरा विचारायचा, "काय म्हणतोय बांध?" ती म्हणायची, "काही नाही म्हणत."

ते खरंच होतं. तिला काही ऐकू येत नव्हतं. खाली बांध मात्र हाका मारत होता. आधी हळू, मग जरा जोरात, मग जीव तोडून. खेकड्यांनी त्याला आतून पोखरलं होतं. पाण्याची एक बारीक वाट त्याच्या पोटातून निघाली होती आणि ती रोज थोडी रुंद होत होती. बांध सांगत होता, अनसा, इथं बघ. अनसा, मला गार लागतंय. आणि त्या हाकांवरून चार थरांची अनसा धप धप करत निघून जायची, डोळे तळ्यातल्या ढगांवर लावून.

एका सकाळी असंच दाट धुकं होतं. नवरा खाटेवर होता, ठकी पाळण्यात झोपली होती. अनसा बांधाच्या मध्यावर आली आणि तिचा उजवा पाय रुतला. ती ओढते, तो निघेना. पुन्हा ओढलं. चिखलानं जोडा असा धरून ठेवला, की शेवटी नुसता पायच बाहेर आला आणि तोल जाऊन ती दुसरीकडं टेकली. उघडा तळपाय. ओल्या मातीवर. किती दिवसांनी!

आणि तिच्या अंगातून गारठ्याचा एक दोरा सर्रकन वर गेला.

"आलीस का गं एकदाची," बांध म्हणाला. "मी फुटतोय."

खाली धुक्यात घराचं छप्पर अंधूक दिसत होतं. त्या छपराखाली पाळणा होता. तिनं दुसरा जोडाही उपसून काढला आणि घराकडं तोंड करून ओरडली, "ऐका हो! ठकीला घ्या! चढावर जा, वडाकडं! बांध फुटतोय!"

नवऱ्यानं सुजलेला पाय जमिनीला लावला. वैद्याचं बोलणं राहिलं बाजूला. ठकीला पाठीशी बांधून, भिंत धरत, तो अंगणाच्या कडेनं चढावर निघाला.

अनसा बांधाच्या खालच्या अंगाला उतरली. तिथं बोरीची झुडपं होती. काटे लागले, रक्त आलं, तिला पत्ता नव्हता. तळपाय गारठ्याच्या दोऱ्यामागं चालले होते. दोरा जिथं संपला तिथं बिळातून पाणी येत होतं. गढूळ पाणी. स्वच्छ पाणी झिरपलं तर बांध नुसता पाझरतोय म्हणायचं. गढूळ आलं तर तो आपली माती सोडतोय. एवढं तिला नवऱ्याच्या बोलण्यातून माहीत होतं.

तिनं मातीचे गोळे कोंबले. पाण्यानं ते थुंकून टाकले. पुन्हा कोंबले. पुन्हा गेले. बिळाचं तोंड मुठीएवढं होतं, ते भाकरीएवढं झालं आणि बांधाच्या कडेची माती भसकन खाली बसली.

"इथनं नाही," बांध म्हणाला. "आतनं. पाणी जिथनं शिरतंय तिथनं."

अनसा वर धावली आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, नुसता ढगांचा पांढरेपणा. ती पायांनी चाचपू लागली. इथं चिखल. इथं शेवाळ. इथं दगड. आणि एके ठिकाणी पाण्यानं तिची बोटं आत ओढली, लहान मूल दूध ओढतं तशी.

हेच ते तोंड! पण बुजवायचं कशानं? मातीचा तर गाळ होत होता.

बांधावर जोडे पडले होते. चार थरांचे, बंद, ज्यांतून काही म्हणता काही आत जात नव्हतं. अनसानं एकात चिकण माती ठेचून भरली आणि तो बिळात खुपसला. मागोमाग दुसरा. वर उभी राहून दोन्ही पायांनी दाबत राहिली. पाण्याची ओढ कमी झाली. मग आणखी कमी. मग नुसती गुदगुल्यांएवढी राहिली.

तेवढ्यात धुक्यातून काजळी आली. रोजच्यासारखी पाण्यात उतरली, अनसाजवळ आली आणि म्हणाली, "मी इथं बसू का? तशी मी बसणारच होते."

"बस गं माझे आई," अनसा म्हणाली. तिला रडू येत होतं.

काजळीनं आपलं सगळं अंग त्या बिळाच्या तोंडाशी टेकलं आणि रवंथ सुरू केला. अनसा वरून माती ढकलत राहिली, पायांनी तुडवत राहिली, बांध "हां, इथं, अजून इथं" म्हणत राहिला. ऊन वर आलं, धुकं गेलं, तेव्हा खालचं पाणी थांबलं होतं.

घर राहिलं. पण वांग्या-मिरच्यांचा मळा राहिला नाही. बांधाची बसलेली माती आणि गढूळ पाणी त्यावरून गेलं होतं. सबंध वर्षाचं तोंडीलावणं चिखलाखाली गेलं. नवऱ्याचा पाय पुन्हा सुजला आणि दिवाळीचं दुखणं माघापर्यंत लांबलं. ठकीला मांडीवर घेऊन तो अनसाच्या पायांतले बोरीचे काटे काढत बसला, आणि ती "हळू हो, हळू" म्हणत राहिली. गंमत बघा, ज्यांच्या भीतीनं तिनं एवढं केलं, ते काटे तिला लागले आणि दोन दिवसांत जखमा बऱ्याही झाल्या.

खोऱ्यातली माणसं आली, त्यांनी बांधाला नवी माती घातली, ती ठोकून घट्ट बसवली. मग एक दिवस अनसा पुन्हा करंजाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. अनवाणी.

म्हातारीनं तिच्या पायांकडं पाहिलं. "जोडे कुठं गेले गं? कसे होते?"

"छान होते. बांधाला अगदी मापात बसले."

म्हातारी इतकी हसली की पान सांडलं. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता काय करू तुझ्यासाठी?"

अनसा खाली बसली. मग सावकाश सांगू लागली, "पहाटे गोठा. तिथं निसरडं असतं, म्हणून तळ धरून ठेवणारा हवा. मग बांध. तिथं मला ऐकू यायला हवं. मग सरपणाला जाते, तिथं काटे आहेत. आणि डोक्यावर भारा असला की पाय पसरतो, म्हणून पुढं जरा ऐसपैस हवा."

"आत्ता कामं सांगितलीस," म्हातारी म्हणाली.

तिनं अनसाला उठवलं. डोक्यावर पाण्याची घागर देऊन उभं केलं आणि ओझ्याखाली पसरलेल्या पायाचं माप घेतलं. मग दोन-दोन थरांचे चामड्याचे तुकडे काढले. प्रत्येक तुकड्यावर आधी बाभळीचा काटा दाबून पाहिला. ज्यांतून काटा आरपार गेला ते बाजूला टाकले. उरलेले एकेक करून अनसाच्या पायाखाली ठेवले आणि त्यांच्याखाली गुपचूप एक दाणा सरकवला.

"डोळे मीट. सांग, जोंधळा की हरभरा?"

पहिल्या तुकड्यावर अनसाला काहीच सांगता आलं नाही. म्हातारीनं तो फेकून दिला. दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्यावर अनसा थबकली, घागर सांभाळत तिनं पाय किंचित फिरवला.

"हरभरा," ती म्हणाली.

"हाच तुझा तळ."

त्याचे जोडे झाले. दोन थरांचे, चामड्याच्या वादीनं शिवलेले, तेल पाजलेले. मिरवायचे नव्हेत, कामाचे. तळ झिजला की अनसा नवा तळ लावून घ्यायची आणि वरचं तेच ठेवायची. वर्षं गेली, काजळी म्हातारी झाली, पण ते जोडे चाललेच.

पण त्या दिवशी निघताना अनसा घुटमळली. "आजी, ठकीला कसले करशील?"

"तिला आत्ता नकोत. आधी तिची आणि जमिनीची ओळख होऊ दे. काम करू लागली की घेऊन ये."

"आणि तोवर काटा लागला तर?"

म्हातारीनं तिच्या गालाला हात लावला. "लागेल की. तू काढशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग अंगणातून घरी निघाले होते. अनसानं ठकीच्या पायांतले जोडे सोडले, तिला उंबऱ्याखाली उतरवलं आणि आपण दारातच उभी राहिली. जीव खालीवर होत होता, पण ती जागची हलली नाही. ठकीनं एक पाऊल टाकलं. मग थांबली. ओल्या मातीत पायाची बोटं पसरली, पुन्हा मिटली आणि जोरात हसली. तिला जमिनीनं काय सांगितलं, ते त्या दोघींनाच ठाऊक. मग ती धुक्यातून पळत सुटली, आणि उतारावर पडली नाही.

म्हणून लहानांनो, आणि लहानांच्या आयांनो, एवढं ध्यानात ठेवा: स्वतःसाठी असो की लेकरासाठी, पायातलं असं निवडावं की काटा बाहेर राहील, पण जमिनीची खबर आत येईल.